मुलांच्या डोळ्याची इजा आणि मोतीबिंदू



मोतीबिंदू हा म्हातारपणाचा विकार, अशी आपली समजूत असते. परंतु डोळ्याला मार लागल्यास तो पाच-सहा वर्षांच्या मुलालाही होतो. कर्जत-खालापूर भागात अशा इजेचे प्रसंग वर्षभर येतात. कोंडाण्यासारख्या डोंगरपायथ्याच्या गावात उन्हाळ्यात मुले करवंदांच्या जाळीत शिरतात, तेव्हा काटा लागतो. भातझोडणीच्या वेळी खळ्यावर काडी किंवा कुसळ डोळ्यात जाते. बेचकीचा दगड, विटी आणि दिवाळीतील फटाके यांनीही डोळे जातात.

मोतीबिंदू कसा होतो?

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते व त्यावर पातळ आवरण असते. काट्याने हे आवरण फाटले की डोळ्यातील पाणी भिंगात शिरते. भिंग फुगते व काही तासांत किंवा दिवसांत पांढरे होते. दगडाच्या मुक्या मारात बाहेरून जखम दिसत नाही, पण मोतीबिंदू काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसू लागतो. दुसऱ्या डोळ्याने दिसत असल्याने मूल तक्रार करीत नाही. म्हणून मार लागल्यानंतर अधूनमधून एकेक डोळा झाकून मुलाला काय दिसते ते विचारावे. बाहुलीत पांढरा ठिपका किंवा नव्याने तिरळेपणा आढळल्यास त्वरित तपासणी करावी.

ताबडतोब काय करावे?

१. काटा किंवा काडी रुतली असल्यास उपसू नये. डोळा चोळू, दाबू किंवा धुऊ नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर दाब न येईल असा झाकण म्हणून बांधावा.
२. चुना, खत किंवा तणनाशक डोळ्यात गेल्यास मात्र लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान १५ ते ३० मिनिटे डोळा धुवावा व मग दवाखाना गाठावा.
३. पाल्याचा रस, मध, दूध असे काहीही घालू नये. जखमेत जंतू किंवा बुरशी वाढून डोळा कायमचा जातो. दुकानातून मनाने थेंबही आणू नयेत.
४. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलास खाऊ-पिऊ घालू नये.
५. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईचे जे. जे. रुग्णालय येथे दाखवावे.

उपचार

मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. जखम असल्यास ती आधी शिवतात. सूज उतरल्यावर पूर्ण भूल देऊन गढूळ भिंग काढतात व शक्य असल्यास कृत्रिम भिंग बसवितात. असे पहिले भिंग १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी बसविले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे कण रुतले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. दृष्टी किती परत येईल, हे बुब्बुळावरील वण व आतील दृष्टिपटलाची इजा यांवरही अवलंबून असते.

शस्त्रक्रियेनंतरचे काम घरच्यांचे

भाताची लावणी वेळेवर झाली नाही, तर पुढे खत घालूनही नुकसान भरून येत नाही. मुलांच्या दृष्टीचेही तसेच आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. या काळात डोळ्यात प्रकाश नीट गेला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर चष्मा लावावा लागतो आणि चांगला डोळा रोज ठरावीक तास पट्टीने झाकावा लागतो. हे काम महिनोन्महिने चालते. मूल रडते, शेतीची कामे असतात, आणि पट्टी सुटते. इथेच यशस्वी शस्त्रक्रिया वाया जाते. मुलांच्या भिंगामागे पुन्हा पडदा धरण्याचा संभवही अधिक असल्याने तपासणीची एकही तारीख चुकवू नये.

तेव्हा या हंगामात झोडणी सुरू करण्यापूर्वी मुलांना खळ्यापासून दूर बसवा. चुना, खते व औषधे कुलुपात ठेवा. आणि तरीही मार लागलाच, तर “उद्या बघू” म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.