थिसिस लांबतोय? तारखा शेवटाकडून मोजा

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला प्रवेशापासून जास्तीत जास्त 6 वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी 2. पण जेआरएफची फेलोशिप 5 वर्षांत संपते. म्हणजे पैशांच्या हिशोबानं तुमच्याकडे 5 च वर्षं आहेत.

उशीर का होतो? 1994 च्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. ‘सगळंच बिघडलं तर?’ याचं उत्तरही 49 च्या आसपासच होतं! म्हणून स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका. तेच काम करायला लॅबमधल्या सीनियर्सना किती दिवस लागले ते विचारा आणि तो आकडा धरा.

मग वेळापत्रक शेवटाकडून मागे आखा. एथिक्स कमिटीची परवानगी, केमिकल्सची खरेदी, अशी दुसऱ्यांच्या हातातली कामं सगळ्यात आधी मार्गी लावा. ती अडकलेली असताना लिटरेचर रिव्ह्यू लिहा. विषय खरिपाच्या पिकाचा असेल, तर पेरणी हुकली की वर्ष गेलंच समजा.

तरीही मागे पडलात, तर दर सेमिस्टरला आरएसीपुढे जाता तेव्हा स्पष्ट सांगा. कामाची व्याप्ती तिसऱ्या वर्षी कमी करणं सोपं असतं, सहाव्या वर्षी फार जड जातं.