कारखाना थांबला, घड्याळे चालतात. पण दुरुस्त कोण करणार?

जबलपूर : शस्त्रनिर्मितीचे कारखाने, रेल्वे आणि लष्कराची प्रशिक्षण केंद्रे यांच्या आधाराने वाढलेल्या या शहरातील जुन्या घरांत, कपाटाच्या एखाद्या खणात चावीचे मनगटी घड्याळ आजही सापडू शकते. त्यावर बहुधा ‘एचएमटी’ ही अक्षरे असतात. कोणी ते पहिल्या पगारातून घेतलेले असते, कोणाला निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेले असते. एचएमटी वॉचेस ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. कारखाना राहिला नाही, तरी चावी दिल्यावर त्यातील कित्येक घड्याळे अजूनही चालू लागतात.

मोबाइलच्या पडद्यावर अचूक वेळ दिसत असताना अशा जुन्या घड्याळांकडे ओढा वाढत आहे. काही जण ती आठवण म्हणून वापरतात, काही जण हौसेने संग्रह करतात. मात्र यांत्रिक घड्याळ ही केवळ विकत घेऊन ठेवण्याची वस्तू नाही. तिला ठराविक काळाने दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताखालून जावे लागते. त्यामुळे या छंदाचे भवितव्य घड्याळांच्या संख्येपेक्षा ती उघडून पुन्हा जुळवू शकणाऱ्या कारागिरांवर अवलंबून आहे.

दोन वेळांच्या मध्ये वसलेले शहर

वेळेशी जबलपूरचे नाते जुने आहे. अलाहाबादकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये येथे पोहोचला आणि मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये त्याला जोडला गेला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे रेल्वेने सांधली गेली ती या शहरात.

तेव्हा प्रत्येक गाव आपल्या डोक्यावरच्या सूर्यावरून वेळ ठरवीत असे. पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास चार मिनिटे लागतात. या हिशेबाने जबलपूरची स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे २८ मिनिटे पुढे आणि कलकत्त्याच्या सुमारे ३४ मिनिटे मागे होती. मुंबई आणि कलकत्ता यांच्या दरम्यानची तडजोड म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. योगायोग असा की मद्रास आणि जबलपूर जवळपास एकाच रेखांशावर आहेत. दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळेत जेमतेम एका मिनिटाचे अंतर आहे. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. कलकत्त्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत, तर मुंबईने १९५५ पर्यंत वापरात ठेवली.

प्रमाणवेळ आली त्याच सुमारास जबलपूरचे औद्योगिक जीवनही आकार घेत होते. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ मध्ये उभा राहिला. खमरिया येथील दारूगोळा कारखाना १९४२ मध्ये आणि वाहन कारखाना १९६९ मध्ये आला. पाळी, हजेरी आणि गाडीची वेळ यांनी बांधलेल्या अशा शहरात मनगटी घड्याळ ही चैन न राहता गरज झाली. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिलेल्या जबलपुरात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्यास आहेत. खणातील घड्याळाची ही गोष्ट त्यांच्याही घरची आहे.

चावीत साठवलेली शक्ती

यांत्रिक घड्याळात बॅटरी नसते. चावी फिरवली की आतील मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि त्या जोरावर दातेरी चाकांची साखळी फिरते. ही शक्ती एकदम सुटून जाऊ नये, म्हणून शेवटच्या चाकाला एक खटका अडवतो आणि सोडतो. या रचनेला एस्केपमेंट म्हणतात. घड्याळाची टिकटिक हा त्या अडवण्या-सोडण्याचाच आवाज असतो.

त्याचा ताल ठरवते ते बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या आधाराने हे छोटे चाक मागे-पुढे झुलत राहते. चावीच्या अनेक जुन्या घड्याळांत ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे ठोके होतात ४ लाख ३२ हजार आणि वर्षाचे १५ कोटी ७६ लाखांहून अधिक. असे घड्याळ दिवसाला नऊ सेकंद पुढे गेले, तर ती चूक साधारण दहा हजारांत एक एवढीच ठरते. धातूच्या एवढ्याशा यंत्राने साधलेला हा काटेकोरपणा हेच अनेक संग्राहकांच्या आकर्षणाचे मूळ आहे.

तबकडीवर लिहिलेल्या ‘१७ ज्वेल्स’ या शब्दांचाही अर्थ समजून घ्यायला हवा. ही दागिन्यातील रत्ने नसून कृत्रिम माणकाचे सूक्ष्म तुकडे असतात. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात, त्यामुळे घर्षण आणि झीज कमी होते. काही घड्याळांवर ‘पॅराशॉक’ असेही लिहिलेले असते. धक्का बसला तरी बॅलन्स व्हीलचा नाजूक आस मोडू नये, यासाठीची ती व्यवस्था आहे.

‘जनता’पासून ‘कांचन’पर्यंत

स्वातंत्र्यापूर्वी भारतीय बाजारात मुख्यतः स्विस घड्याळे होती. मुंबईत व्यवसाय असलेल्या फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी या नावांना तेव्हा मान होता. वेस्ट एंडची ‘सोवार’ ही घड्याळे तर घोडेस्वारावरूनच ओळखली जात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि सोन्याबरोबर परदेशी घड्याळांचीही चोरटी आयात होऊ लागली.

या पार्श्वभूमीवर यंत्रसामग्री बनविण्यासाठी १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरू येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. पहिली घड्याळे १९६१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते प्रकाशात आली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने उभे राहिले.

एचएमटीने घड्याळांना दिलेली नावे घरातली वाटावीत अशी होती. साधे, चावीचे ‘जनता’, काळ्या तबकडीसाठी ओळखले जाणारे ‘पायलट’, सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेले ‘जवान’, सडपातळ ‘सोना’ आणि मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी भरून घेणारे ‘कांचन’ ही त्यांपैकी काही. ‘कांचन’ला लग्नसराईत मोठी मागणी असे. काही तबकड्यांवर नाव देवनागरीत छापलेले असे. दृष्टिहीनांसाठी कंपनीने ब्रेल घड्याळेही तयार केली. या घड्याळांचा आजचा संग्रह म्हणूनच केवळ यंत्रांचा नाही. नियोजनाच्या काळातील मध्यमवर्गीय भारताची ती एक नोंद आहे.

या व्यवसायाची दिशा बदलली ती क्वार्ट्झमुळे. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. बॅटरीच्या विजेने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकापुढे पाच ठोक्यांचे यंत्र अचूकतेत टिकणे शक्य नव्हते. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झवर भर दिला आणि ग्राहकांची आवड पालटली. एचएमटी मागे पडत गेली. कंपनी बंद होणार असल्याच्या बातम्या २०१४ मध्ये आल्या, तेव्हा तिच्या घड्याळांची मागणी मात्र अचानक वाढली. बंगळूरूतील एचएमटी हेरिटेज सेंटरमध्ये हा इतिहास आता पाहता येतो.

चकाकणाऱ्या तबकडीचा मोह

नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याची सर्वाधिक फसगत होते ती ‘री-डायल’मध्ये. जुन्या घड्याळाची डागाळलेली तबकडी पुसून तिच्यावर नवा रंग आणि नवे नाव छापले जाते. केसला चकाकी दिली जाते, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र बसवले जातात आणि घड्याळ ‘जुने, पण न वापरलेले’ म्हणून विकले जाते. हा व्यवहार इतका फोफावला आहे की परदेशी संग्राहकांच्या बोलीत अशा घड्याळांना मुंबईचेच नाव चिकटले आहे.

खरेदीपूर्वी काही गोष्टी तपासता येतात. तबकडीवरील अक्षरे भिंगाखाली पसरलेली किंवा वाकडी दिसली, मिनिटांच्या खुणा आकड्यांशी जुळत नसल्या, अथवा चाळीस वर्षांच्या केसमध्ये तबकडी कालच छापल्यासारखी दिसली, तर शंका घ्यावी. मागचे झाकण उघडून यंत्रावरील कंपनीचे नाव आणि तबकडीवरील नाव एकच आहे का, हे पाहावे. कंपनीने त्या प्रकारात कधी काढलाच नाही असा भडक रंग हे तर उघड लक्षण आहे.

यात नुकसान केवळ पैशांचे नाही. एकदा पुसलेली मूळ तबकडी परत मिळत नाही. घरातील घड्याळाची तबकडी पिवळी पडली असेल, तर ती तशीच ठेवणे हेच योग्य. तो डाग त्या घड्याळाच्या वयाचा दाखला असतो.

आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आपल्याकडे सरसकट ‘रेडियमचे काटे’ म्हणतात. अलीकडच्या घड्याळांत रेडियम नसते. परंतु १९६० पूर्वीच्या अनेक परदेशी घड्याळांत ते खरोखरच वापरलेले आहे. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, कारण रेडियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १,६०० वर्षांचा आहे. अशी घड्याळे घरी उघडू नयेत आणि तो लेप खरवडू नये.

जपावे की वापरावे?

यांत्रिक घड्याळ वर्षानुवर्षे बंद ठेवले, तर आतील तेल सुकते किंवा घट्ट होते. त्याच अवस्थेत ते एकदम रोज वापरू लागल्यास कोरड्या आसांची झीज होते. म्हणून खणातून काढलेले घड्याळ चालत असले, तरी प्रथम त्याची साफसफाई करून घ्यावी. त्यानंतर ते अधूनमधून मनगटावर असणेच चांगले. चावी रोज साधारण एकाच वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी आणि अडसर जाणवताच थांबावे. पूर्ण चावीवर अशी घड्याळे साधारण दीड दिवस चालतात.

त्यांचे शत्रू नेहमीच्या जगण्यातच आहेत. पहिला घाम. जुन्या स्वस्त घड्याळांची केस पुष्कळदा साध्या धातूवर क्रोमचा मुलामा दिलेली असते आणि पोलाद फक्त मागच्या झाकणाला असते. मध्य भारताच्या उन्हाळ्यात घामाने हा मुलामा खाल्ला जातो, त्यामुळे वापरानंतर केस कोरड्या कापडाने पुसावी. दुसरा पाणी. आतील रबरी कडी कालांतराने कडक होते, तेव्हा ‘वॉटरप्रूफ’ या जुन्या शब्दावर विसंबून पावसात भिजू नये. काचेच्या आतून वाफ दिसली, तर त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावे. तिसरा चुंबक. मोबाइल, ध्वनिक्षेपक आणि बॅगांच्या चुंबकी बटणांमुळे हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. हा दोष गंभीर नसतो. दुकानातील छोट्या उपकरणाने तो काही क्षणांत दूर होतो.

शेवटचा प्रश्न कारागिराचा

चार-पाच वर्षांतून एकदा घड्याळ पूर्ण उघडून, प्रत्येक भाग धुऊन, नेमक्या जागी तेलाचा सूक्ष्म थेंब देऊन ते पुन्हा जुळवावे लागते. बॅलन्स व्हीलच्या आसाचे टोक केसाच्या जाडीचे असते. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने ते माणकाच्या छिद्रात बसवण्याची सवय हाताला लागण्यास वर्षे जातात. घड्याळजी, किंवा जबलपूरच्या हिंदीत घडीसाज, ही विद्या बहुधा वडिलांकडून किंवा दुकानातील उस्तादाकडून शिकत आला. क्वार्ट्झच्या आगमनानंतर मात्र त्याच्या टेबलावर मुख्यतः सेल आणि पट्टे बदलण्याचे काम उरले. त्या मिळकतीवर मुलाने हाच व्यवसाय करावा, असे सांगणे कोणत्याही बापाला कठीण जाते.

सुट्या भागांची अडचण याहून थेट आहे. कारखाना बंद असल्याने नवे भाग येत नाहीत. मोडलेला आस किंवा झिजलेले चाक बदलायचे तर दुसरे घड्याळ उघडून त्यातून काढावे लागते. दोन घड्याळांतून एक वाचते आणि एक संपते. म्हणून बंद पडलेले घड्याळही भंगारात देऊ नये. त्यातील एखादा भाग दुसऱ्या घड्याळाला जीवदान देऊ शकतो.

संग्राहक आणि सामान्य वापरकर्ता यांच्या हाती असलेला उपाय साधा आहे. घड्याळाच्या किमतीएवढा खर्च सफाईला येतो म्हणून ती टाळू नये. कारागिराला त्याच्या वेळेचे दाम द्यावे. कोणता भाग बदलला हे विचारून कागदावर नोंदवून ठेवावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. आपल्या गावात चावीचे घड्याळ पूर्ण खोलून जोडणारा कारागीर असेल, तर त्याचा पत्ता इतरांनाही सांगावा. बंद झालेल्या कारखान्यातून नवे ‘जनता’ येणार नाही. आहे ते आणखी पन्नास वर्षे चालण्यास यांत्रिक अडचण नाही. त्यासाठी ते उघडणारा हात मात्र शिल्लक असायला हवा.