वसंतातील सह्याद्रीच्या वाटा

पावसाळ्यातील सह्याद्री निसरडा म्हणून धोक्याचा, आणि वाटा कोरड्या झाल्या की चालणे निर्धास्त, असा समज सर्वत्र रूढ आहे. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर मुलांच्या पदभ्रमण-सहली निघतात, त्याही बहुधा याच समजुतीवर. वस्तुस्थिती निराळी आहे. फाल्गुन-चैत्रात भीमाशंकरच्या रानातील वा जुन्नरच्या घाटमाथ्याकडील वाट वेगळ्या रीतीने अवघड होते, आणि ते अवघडपण डोळ्यांना चटकन दिसत नाही.

प्रथम पायाखालची जमीन पाहू. पावसाळ्यात चिकटून राहिलेली माती वाळून उडून जाते आणि कठीण मुरमावर सुटे खडे उरतात. पाऊल पडताच ते घरंगळतात. हाच घसारा. चढताना तो केवळ दमवतो, उतरताना पाडतो. उतारावर आडवे झालेले वाळके गवतही ओल्या शेवाळाइतकेच घसरते. भीमाशंकरच्या माथ्यावरची राई वर्षभर हिरवी राहते. उतारावरचे ऐन, सावर, पळस मात्र पानगळ करून मोकळे होतात. त्या पाचोळ्याखाली मूळ वाट लपते आणि ढोरवाटाच ठळक दिसू लागतात. दगडांच्या आडोशाला फुरसे असण्याचा संभव असतो, म्हणून पाचोळ्यात हात घालू नये व काठी आपटीत चालावे.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांवाटे हळूहळू निघून जाते आणि चैत्रापर्यंत बहुतेक झरे आटतात. उरतात ती कातळात खोदलेली टाकी. आपल्या पूर्वजांना याची पूर्ण जाण होती. पश्चिम भारतातील लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले असून, ते दान देणाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावरही वाटसरूंसाठी खोदलेली टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून आलेल्या अनोळखी माणसाच्या तहानेचा विचार कोणीतरी केला होता! आज त्याच टाक्यांत साबण लावून हातपाय धुणारे पर्यटक दिसतात, हे दुःखद आहे. घाटमाथ्यावरच्या अनेक वाड्यांतील स्त्रिया या दिवसांत एका हंड्यासाठी दूरवर पायपीट करतात. तेव्हा प्रत्येकाने निदान ३ लिटर पाणी घरूनच न्यावे, पहाटे निघावे आणि कातळ तापण्यापूर्वी सावली गाठावी.

सर्वांत मोठे भय वणव्याचे. याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरावर, ११ मार्च २०१८ रोजी पदभ्रमणास गेलेल्या तरुण-तरुणींना वणव्याने गाठले. वीसहून अधिक जण प्राणास मुकले. आग उतारावर वरच्या दिशेने अधिक वेगाने धावते, कारण ज्वाळांची धग वरच्या गवताला आधीच सुकवून तापवते आणि दिवसा वाराही दरीतून माथ्याकडे वाहतो. म्हणून आगीच्या पुढे चढत पळणे हा सर्वांत घातक मार्ग होय. बाजूला सरकावे, उघडा कातळ, नांगरलेले शेत किंवा आधीच जळून विझलेली जमीन गाठावी. राखीव वनात आग पेटविणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. शेकोटीचा हट्ट धरणाऱ्या मुलांना हे कलम सांगण्यापेक्षा कुरंगणीची हकीकत सांगावी.

धुराचा आणखी एक परिणाम असा, की कड्यांवरची व लेण्यांच्या छताखालची आग्या मोहोळे त्याने उठतात. गोंगाट व उग्र अत्तरेही त्यांना चालत नाहीत. एका माशीने डंख केला, की तेथे सुटणारा गंध इतर माश्यांना बोलावतो. हात झटकून काही साधत नाही. तोंड व मान कापडाने झाकून तेथून त्वरेने दूर व्हावे, आणि रुतलेला काटा नखाने खरवडून काढावा. लेण्यात शिरण्यापूर्वी शिक्षकांनी पुढे होऊन छत न्याहाळावे. मोहोळ दिसले, तर मुलांना आवाज न करता बाहेरच थांबवावे.