रकान्याबाहेर गेलेले नाव

सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात ज्यांनी कधी अर्ज केला आहे, त्यांना आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांचे महत्त्व सांगायला नको. परवा आमच्या सोसायटीच्या कागदांची पीडीएफ छापून घ्यायला मी तेथे रांगेत उभा होतो. दुकानदार येईल त्याची फाईल पटापट उघडीत होता. बरोबरचा भाचा हळूच म्हणाला, "मामा, हा कागद नुसता कागद नसतो बरं का!"

"म्हणजे काय रे?"

त्याने कोकण भवनाकडे बोट दाखवले. "समजा, तेथे कारकुनाची एक वही आहे. एक रकाना नावाचा, त्याला लागून साहेबांच्या शेऱ्याचा. नावाला जागा २० अक्षरांची. एका लबाडाने अर्जात भलेमोठे नाव लिहिले आणि शेवटी जोडले, 'कपाटाची किल्ली द्यावी.' कारकून रेघ न पाहता उतरवीत गेला; नावाचे शेपूट शेऱ्याच्या रकान्यात पडले. शिपायाने वाचले आणि किल्ली दिली!"

कागद दाखवणारा प्रोग्रॅम हा असाच कारकून. संगणकाच्या स्मृतीत मजकूर आणि हुकूम शेजारी नांदतात. मोजण्यात चूक झाली की मजकूर हुकुमाच्या जागी जाऊन बसतो. ही कल्पना नव्हे, वाचकहो! मायक्रोसॉफ्टच्या वर्डबरोबर गणिती समीकरणे लिहिण्याचे एक साधन मिळे. ते फॉन्टचे नाव लांबी न तपासता उतरवून घेई. २००० साली बनलेल्या त्या साधनातली ही चूक नोव्हेंबर २०१७ मध्ये दुरुस्त झाली, आणि पुढच्याच जानेवारीत ते साधनच काढून टाकले गेले. १७ वर्षे कारकुनाकडे कोणी पाहिलेच नाही!

आपल्या पुण्यालाही अशा कागदांची झळ लागली आहे. एप्रिल २०१० मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने शॅडोसर्व्हर या संस्थेसह एका हेरजाळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाचे वाटावे असे पत्र आणि सोबत पीडीएफ, वर्ड वा पॉवरपॉइंटची फाईल, हे त्या जाळ्याचे हत्यार. त्यात सापडलेल्यांत पुण्याची आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सिकंदराबादचे एक लष्करी महाविद्यालय होते. तेथून २१ दस्तऐवज गेले. विद्यार्थ्यांची खासगी माहितीही त्यांत होती.

आमचा नंबर आला. त्या एका संगणकात किती घरांचे सातबारे आणि आधारकार्डे असतील, हे आता माझ्या मनातून जाईना. तेवढ्यात पडद्यावर चौकट उमटली: नवी आवृत्ती तयार आहे. "दुरुस्ती येते ती अशीच," भाचा पुटपुटला.

दुकानदाराने 'नंतर'वर टिचकी मारली. "सकाळपासून चौथ्यांदा येतेय ही कटकट," तो म्हणाला. "किती प्रती काढू, साहेब?"