वाढत्या लेकी – लेखांक ९ : तिसरीच्या वर्गातली लावणी

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून गॅदरिंगची गडबड सुरू होते. ड्रेपरीवाल्याकडे मापं जातात, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज नवी सूचना येते आणि कुठल्या तरी वर्गाच्या वाट्याला हमखास लावणी येते. तिसरी-चौथीतल्या दहा-बारा मुली असतात. अंगावर शिवलेली नऊवारी, कमरपट्टा, गंगावन लावून घातलेला खोपा, चापाची नथ, लालभडक लिपस्टिक, पापण्यांवर चमकी. गाणं सुरू होतं. आठ वर्षांची मुलगी बसवून घेतलेल्या अदा एकामागून एक करत जाते आणि शेवटच्या ओळीला प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावते. शिट्ट्या पडतात, वन्स मोअर येतो.

त्या खुणेचा अर्थ तिला ठाऊक नसतो. सभागृहातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मात्र तो ठाऊक असतो, आणि तरीही टाळ्या वाजतात. हा आजच्या लेखाचा विषय आहे.

गेल्या आठवड्यात आपण मुली लवकर वयात येण्याविषयी वाचलं. १९७७ ते २०१३ या काळातले जगभरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा वयात येण्याची पहिली खूण दर दशकाला सुमारे तीन महिने अलीकडे सरकल्याचं दिसलं होतं. त्या घाईवर आईबापांचं फारसं नियंत्रण नाही. आज जिच्याविषयी लिहितो आहे ती घाई सर्वस्वी आपण मोठी माणसं करतो. मुलीला बोल लावण्याचा प्रश्नच येत नाही. गाणं तिने निवडलेलं नसतं, साडी तिने भाड्याने आणलेली नसते.

लावणीविषयी माझ्या मनात आदर आहे, हे आधीच सांगतो. यमुनाबाई वाईकरांनी आणि सत्यभामाबाई पंढरपूरकरांनी बैठकीत बसून जी अदाकारी केली, ती आयुष्य कळलेल्या बाईची कला होती. शृंगाराच्या लावणीत विरह असतो, आर्जव असतं, रुसवा असतो, शरीराची ओढ असते. हे सारं ज्या वयात अनुभवाला येतं त्या वयातच ते चेहऱ्यावर उमटतं. आठ वर्षांच्या मुलीकडून ते करून घेतलं की उरते फक्त नक्कल, आणि त्या नकलेत लावणीचाही अपमान होतो. आपल्या महाराष्ट्रात मुलींना कोवळ्या वयात घुंगरू बांधायला लावण्याची एक खरीखुरी, दुखरी परंपराही होती. कोल्हाटी समाजातल्या कितीतरी मुलींची शाळा त्या घुंगरांनी बंद पाडली. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना लहान मुलीच्या अंगावरचा तो साज केवळ गंमत म्हणून बघता येणार नाही.

टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धांनी ही गोष्ट घराघरांत रुजवली. सिनेमातल्या मोठ्या नायिकांची नृत्यं लहान मुलांकडून करून घेणं इतकं बोकाळलं की जून २०१९मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढावं लागलं. मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या, सूचक हावभावांत दाखवू नका, असं त्यात सांगितलं होतं. करमणूक क्षेत्रातल्या बालकलाकारांसाठी २०१७चे नियमही आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. शाळेच्या रंगमंचाला आणि घरातल्या मोबाइलला मात्र असा कोणताही नियम लागू नाही. तिथे सगळी भिस्त आपल्या विवेकावर आहे.

यावर कुणी विचारेल, मुलींनी नटायचंच नाही का? नटावं, हौसेने नटावं. आईची ओढणी डोक्याला बांधून लांब केस झाले म्हणून मिरवणं, आजीच्या चपला घालून घरभर फिरणं, भातुकलीत साडी गुंडाळून सासूबाई होणं, हा वाढीचाच भाग आहे. त्या खेळात मुलगी मोठ्या बाईची भूमिका करून बघते आणि कंटाळा आला की साडी तिथेच टाकून पळते. खेळाची सूत्रं तिच्या हातात असतात. बोरनहाणातले हलव्याचे दागिने, भोंडल्याला घातलेला खणाचा परकर-पोलका, लग्नात हातभर भरलेला चुडा, या सगळ्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. फरक पडतो तो बघणाऱ्यामुळे. नटून झाल्यावर मुलगी खेळायला पळाली तर ती अजून मूल आहे. नटून झाल्यावर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून मान कलती करत असेल, फोटोत पोट दिसतंय का ते तपासत असेल, किती लाइक आले ते दर पाच मिनिटांनी बघत असेल, तर खेळाची सूत्रं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली आहेत.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. मुलीला वेळेआधी बाई करण्यात आपण कुणाचं ऐकलेलं नाही. आनंदीबाई जोशींचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या. परकर सोडून लुगडं नेसायचं, केसांचा अंबाडा घालायचा, कपाळभर कुंकू लावायचं, खाली मान घालून वावरायचं आणि पळायचं बंद. संमतिवयाचा कायदा १८९१मध्ये आला तेव्हा वय दहावरून बारा करण्यावरूनच केवढा गदारोळ उठला होता! लग्नाचं वय चौदा करायला १९२९चा शारदा कायदा यावा लागला आणि ते अठरा व्हायला १९७८ साल उजाडलं. मुलीच्या आयुष्यात झबलं आणि लुगडं यांच्यामध्ये काही मोकळी वर्षं असावीत, यासाठी इथे शंभर वर्षं भांडण झालं आहे. ती वर्षं आता बाजार आपल्याकडून परत मागतो आहे. पूर्वी सासर मागत होतं, एवढाच फरक.

बाजाराचं गणित उघड आहे. लहान मुलगी आणि तरुणी यांच्यामधल्या आठ ते बारा या वयोगटाला पूर्वी खास काही विकता येत नव्हतं. चप्पल, फ्रॉक आणि रिबिनी झाल्या की संपलं. आता त्या वयासाठी लिप ग्लॉस आहे, उंच टाचेच्या सँडल आहेत, मोठ्यांच्या कपड्यांच्या छोट्या मापातल्या प्रती आहेत. क्रॉप टॉप, खांदे उघडे टाकणारे गाऊन. दुकानात दहा वर्षांच्या मुलीसाठी साधा, ढगळ, खिसे असलेला सुती फ्रॉक शोधून बघा. मला काय म्हणायचं आहे ते लगेच कळेल. मुलांच्या विभागात मात्र खिसेच खिसे असतात.

या नटण्याने मनात काय होतं, याविषयी काही चांगले प्रयोग झाले आहेत. त्यातला १९९८चा अमेरिकेतला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या तरुण-तरुणींना एकेकटं एका खोलीत पाठवलं. खोलीत मोठा आरसा होता. काहींना स्वेटर घालून बघायला दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच त्यांना गणिताचा पेपर सोडवायचा होता. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. तरीही पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलग्यांच्या गुणांत कपड्यांनी फरक पडला नाही. मनाचा एक हिस्सा ‘मी कशी दिसते आहे’ यावर पहारा देत बसला की गणितासाठी उरलेला हिस्सा तेवढा कमी पडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. या सज्ञान मुली होत्या आणि प्रसंग काही मिनिटांचा होता. चौथीतल्या मुलीच्या डोक्यात हा पहारा रोज, शाळेच्या वेळेतही चालू राहिला तर तिचं किती काही निसटत असेल, याचा विचार करा. स्कर्ट सावरायचा म्हणून ती झाडावर चढत नाही. केस विस्कटतील म्हणून खो-खोत उतरत नाही. घामाने मेकअप उतरेल म्हणून मधल्या सुट्टीत बाकावर बसून राहते.

दुसरा प्रयोग २०१४चा, ऑरोरा शर्मन आणि आयलीन झुरब्रिगेन यांचा. चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींना पाच मिनिटं खेळायला दिलं. काहींना बार्बी मिळाली, काहींना मिसेस पोटॅटो हेड, म्हणजे नाक-डोळे चिकटवायचा गोलमटोल बटाटा. मग दहा व्यवसायांची चित्रं दाखवून विचारलं, यातलं काय तुला मोठेपणी करता येईल आणि काय मुलग्याला? बटाट्याशी खेळलेल्या मुलींची दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली. बार्बीशी खेळलेल्या मुलींना मुलग्यांपेक्षा कमी वाटा आपल्याला खुल्या आहेत असं वाटलं. काही मुलींना दिलेली बार्बी डॉक्टरच्या पोशाखातली होती, तरी फरक पडला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण पाच मिनिटांनी एवढं होत असेल तर रोज दोन तास रील्स बघणाऱ्या मुलीबद्दल आपण निर्धास्त कसं राहायचं?

आता त्वचेकडे. गेल्या दोन-तीन वर्षांत मेकअपपेक्षाही जास्त वेगाने मुलींमध्ये शिरलं आहे ते ‘स्किनकेअर’. अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुली सेफोराच्या दुकानात महागडी सीरम घ्यायला गर्दी करू लागल्या आणि ‘सेफोरा किड्स’ असं नावच पडलं. २०२५मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते १८ वर्षांच्या मुलींचे स्किनकेअरचे १०० व्हिडिओ तपासले. एकेक मुलगी सरासरी सहा वस्तू चेहऱ्याला लावत होती, आणि दिवसा लावायच्या क्रमांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यात सनस्क्रीन होतं. म्हणजे ज्या एका गोष्टीचा उपयोग होता तीच बहुतेकींनी गाळली होती. रेटिनॉल हे सुरकुत्यांवरचं औषध. दहा वर्षांच्या गालावर सुरकुत्या कुठल्या? रेटिनॉल आणि फळांच्या आम्लांसारखी द्रव्यं कोवळ्या त्वचेचा वरचा थर दुखवतात. मग लाली येते, साल निघते, ऊन सोसत नाही. स्वीडनमध्ये ‘अपोटेक हार्टॅट’ या औषधदुकानांच्या साखळीने २०२४मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना, पालकांची संमती किंवा त्वचेचा विकार नसेल तर, अशी उत्पादनं न विकण्याचा निर्णय घेतला.

आपल्याकडचा धोका थोडा वेगळा आहे आणि जास्त गंभीर आहे. आपल्याकडे गोरेपणाचं वेड आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात स्टिरॉइडचं मलम विनाचिठ्ठी मिळतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. २०१८मध्ये केंद्राने अशी १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण विक्री थांबली असं म्हणता येत नाही. गोरेपणाच्या काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. लग्नसराईतल्या ‘काळ्या मेंदी’च्या कोनांकडेही लक्ष असू द्या. खरी मेंदी आधी नारिंगी चढते आणि मग काळपट-तपकिरी होते. तासाभरात काळीकुट्ट रंगणाऱ्या कोनात बहुधा पीपीडी नावाचं केसांच्या कलपातलं रसायन असतं. लहानपणी हातावर त्याचे फोड उठले, तर ती अ‍ॅलर्जी जन्मभर साथ सोडत नाही.

घरी काय करायचं? ओरडून, हिसकावून, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून काही करू नका, एवढी कळकळीची विनंती. आणखी एक गोष्ट कधीही बोलू नका: ‘असले कपडे घातलेस तर तुझ्याबाबतीत वाईट होईल.’ लहान मुलांवर अत्याचार करणारे बहुसंख्य लोक ओळखीतले, नात्यातले, शेजारचे असतात, आणि ते साध्या फ्रॉकमधल्या, शाळेच्या गणवेशातल्या मुलींनाही सोडत नाहीत. कपड्यांना दोष द्यायला शिकलेली मुलगी पुढे काही घडलं तर स्वतःलाच दोषी धरते आणि घरी सांगत नाही. वयाला साजेसे कपडे घालायचे ते पळता यावं, चढता यावं, बसता यावं म्हणून, भीतीने नव्हे. तिला कारण सांगायचं तर हेच सांगा.

बोलण्याचा उपयोग होतो. २०१२मध्ये अमेरिकेत सहा ते नऊ वर्षांच्या मुलींना कागदी बाहुल्या दाखवल्या, एक साध्या कपड्यांतली, एक भडक. कशासारखं दिसायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकींनी भडक बाहुली निवडली. पण ज्या आया टीव्ही बघताना मुलीशी त्यावर बोलत असत, त्यांच्या मुलींचा कल तिकडे कमी होता. म्हणून रील बघताना शेजारी बसा. ही ताई हे का लावते आहे, तिला त्याचे पैसे मिळत असतील का, असं सहज विचारा. आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाला, रंगाला, पांढऱ्या केसांना नावं ठेवण्याची सवय आईने मुलीदेखत तरी सोडावी. मुलगी ते सगळं ऐकत असते. बाबांनीही ‘आज किती गोड दिसतेस’च्या जोडीला ‘आज काय नवीन केलंस’ हे विचारायला शिकावं.

शाळेच्या बाबतीत थोडी हिंमत लागते. गाण्यांची यादी साधारण दिवाळीनंतर ठरते, तेव्हाच बोलायला हवं. ड्रेपरी आल्यावर बोलून उपयोग नाही. वर्गशिक्षकांना एकट्याने सांगण्यापेक्षा तीन-चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे जावं आणि दुसरं गाणंही सुचवावं. लेझीम आहे, कोळीगीत आहे, मंगळागौरीचे खेळ आहेत, दिंडी आहे. फुगड्या आणि पिंगा घालणाऱ्या मुलींचे चेहरे बघा. त्यांना प्रेक्षक आठवतसुद्धा नाहीत. लावणीच हवी असेल तर शाळेत एखाद्या जाणत्या कलावंतीणबाईंना सन्मानाने बोलवा, मुलींना समोर बसून ऐकू द्या, ढोलकीचा ठेका हाताने धरायला शिकू द्या. नवव्या-दहाव्या वर्षी लावणीचं एवढंच शिक्षण पुरे आणि ते खरं शिक्षण असेल.

या विषयाची दुसरी बाजू मुलग्यांची आहे. बारा वर्षांचा मुलगा प्रोटीन पावडर मागतो, आरशासमोर दंड फुगवतो, मिसरूड फुटायच्या आधी दाढीचं तेल लावतो. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.