लोखंडाचा कुलवृत्तांत

घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून आला, याची चौकशी घरोघर होते. आज आम्ही अशाच एका घराण्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. तें घराणें लोखंडाचें.

पिंपरी-चिंचवडहून भोसरी, मोशी मागें टाकून चाकणला जाणाऱ्यास रस्त्याच्या दोहों बाजूंस लोखंडाचेंच राज्य दिसतें. कोठें ओतशाळा, कोठें मोटारींचे कारखाने. हें लोखंड खाणींतून निघतें, हें शाळेंतील मूलहि सांगेल. पण खाणींत तें आलें कोठून?

विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटी वर्षें मानतात. आरंभींचें अतितप्त द्रव्य ३ लक्ष ८० हजार वर्षांनीं निवालें, तेव्हां त्यांतून अणु बनले. वजनानें तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम, लिथियम नांवापुरता. लोखंडाचा कणहि नव्हता, आणि आकाशांत एकहि तारा नव्हता.

मग पहिले तारे झाले कसे? अदृश्य द्रव्याच्या राशींनीं वायूस आपणांकडे ओढलें, हें खरें. परंतु दाबलेला वायु तापतो, आणि तापलेला वायु फुगूं पाहतो. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप कसा तापतो, हें मुलांस ठाऊक असतेंच. ही उष्णता बाहेर गेल्यावांचून वायूची रास आणखी आकसत नाहीं. तें काम हायड्रोजनच्या दोन-दोन अणूंच्या जोड्यांनीं केलें. त्यांनीं उष्णता किरणरूपानें बाहेर टाकून वायूस शून्याखालीं सुमारें ७० अंशांपर्यंत निवविलें. तारा पेटण्यापूर्वीं वायु थंड व्हावा लागतो, ही या कथेंतील मौज होय.

पहिल्या दहा-वीस कोटी वर्षांत असे तारे पेटले. ते सूर्याच्या दसपटींपासून शेकडोंपट वजनाचे असावेत, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे. थोर ताऱ्यांचें आयुष्य थोडें. अवघ्या कांहीं दशलक्ष वर्षांत त्यांचा शेवट झाला. त्यांच्या पोटांत व अखेरच्या स्फोटांत कार्बन, प्राणवायु, लोखंड हीं घडलीं व अवकाशांत विखुरलीं. पुढील पिढ्यांनीं त्यांत भर घातली. त्याच राखेंतून सूर्य, पृथ्वी व खाणी झाल्या. चाकणच्या लोखंडाचे मूळ पुरुष ते हे.

यांपैकीं एकहि तारा अद्याप निर्विवादपणें दिसलेला नाहीं. मात्र त्यांच्या प्रकाशानें भोंवतालचे हायड्रोजनचे अणु फुटूं लागले, त्याची खूण मागें राहिली असली पाहिजे. न फुटलेल्या हायड्रोजनमधून निघणारी २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणानें ताणली जाऊन आज सुमारें दोन मीटरांची होऊन पोंचते. तिचा शोध घेणारी एक मोठी दुर्बीण चाकणच्याच रस्त्यानें पुढें, नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. प्रोफेसर गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या पुढाकारानें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ती उभारली. पोलादी तारांच्या जाळीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. लहर सांपडली नाहीं. परंतु ती याहून प्रबळ असूं शकत नाहीं, अशी मर्यादा तेथील निरीक्षणांवरून २०१३ सालीं प्रसिद्ध झाली.

इतकी क्षीण लहर ऐकावयाची, तर भोंवतीं शांतता हवी. विजेच्या तारांवरील ठिणग्या, यंत्रें, मोबाइल या साऱ्यांचा गोंगाट तिला बुडवितो. नारायणगांवावरून जाणारी पुणे-नाशिक रेल्वेची आखणी याच कारणानें रेल्वे खात्यानें बाजूस ठेवली. चाकण, मंचरच्या लोकांस रेल्वेची निकड आहे, आणि ती रास्तहि आहे. मार्ग दुसरा निघूं शकतो. पण ही दुर्बीण उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. लोखंडाच्या वंशजांनीं एवढा गलबला करूं नये कीं, मूळ पुरुषांची हकीकतच ऐकूं येईनाशी व्हावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.