नेलेला माल परत आणताना : कस्टमचे ‘पाहुण्या माला’चे नियम

हिवरखेड, अकोट, तेल्हारा, बाळापूर या आपल्या पट्ट्यातून कोणी नोकरीसाठी आखातात जातो, कोणी उमराहला जातो, तर कोणी मालाचे नमुने घेऊन दुबई-शारजाहची बाजारपेठ पाहायला निघतो. प्रत्येकाजवळ अशी एखादी वस्तू असतेच, जी तिकडे विकायची नसते, परत आणायची असते. विणकराच्या सतरंज्या, कारागिराची अवजारे, बायकोच्या अंगावरचे दागिने, धंद्याचा कॅमेरा. अशा मालावर कर लागतो का, लागला तर कोठे, आणि तो टाळण्याचा कायदेशीर मार्ग कोणता, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

तत्त्व जुनेच आहे

महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली. (येथे जकात म्हणजे नाक्यावरचा कर, दीनची जकात नव्हे.) जुन्या व्यापाऱ्यांना तो नाका आठवत असेल. माल गावात उतरणार नसेल, नुसता गावातून पुढे जाणार असेल, तर नाक्यावर अनामत भरून रहदारी पास घ्यायचा आणि दुसऱ्या नाक्यावर पास दाखवून अनामत परत घ्यायची. म्हणजे कर गावात येण्याचा नव्हता, गावच्या बाजारात उतरण्याचा होता.

जगातील सर्व देशांचे कस्टम खाते याच तत्त्वाने चालते. माल पाहुणा म्हणून आला, ठरल्या मुदतीत परत गेला, तर आयात कर माफ. मात्र तो माल पाहुणा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची.

शिडाच्या बोटीचे उदाहरण

हा नियम सर्वांत स्पष्ट दिसतो तो बोटीच्या बाबतीत. युरोपीय संघाबाहेर राहणारा माणूस संघाबाहेर नोंदलेली आपली शिडाची बोट खासगी वापरासाठी तेथे १८ महिने करमुक्त ठेवू शकतो. मोटारगाडीला हीच सवलत साधारण ६ महिन्यांची आहे. मुदतीत बोट बाहेर गेली तर एक पैसा लागत नाही. मुदत उलटली किंवा मध्येच बोट तेथल्या माणसाला विकली, तर पूर्ण किमतीवर सीमाशुल्क व मूल्यवर्धित कर द्यावा लागतो. म्हणून शहाणे मालक १८ महिने संपण्याआधी बोट तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाच्या बंदरात नेतात व तेथली पावती जपून ठेवतात. ती पावती हाच त्यांचा पुरावा.

बोट लाखो रुपयांची आणि आपला माल हजारांचा, एवढाच फरक. मुदत, पुरावा आणि न विकण्याची हमी या तीन अटी दोघांना सारख्याच.

व्यापाऱ्यासाठी : एटीए कार्नेट

प्रदर्शनाचा माल, नमुने आणि व्यवसायाची उपकरणे यांच्यासाठी ‘एटीए कार्नेट’ नावाची पुस्तिका मिळते. १९६१ च्या ब्रुसेल्स करारातून ही पद्धत निघाली. १९९० च्या इस्तंबूल कराराने तिचा विस्तार झाला. भारतात ही पुस्तिका देण्याचे व तिची हमी घेण्याचे काम ‘फिक्की’ ही व्यापारी महासंघाची संस्था करते. पुस्तिका जास्तीत जास्त एक वर्ष चालते आणि तेवढ्या काळात एकाहून अधिक देशांत वापरता येते. संयुक्त अरब अमिरात, बहारीन, कतार आणि अलीकडे सौदी अरेबिया हे देश या पद्धतीत आहेत. दुसऱ्या देशात जायचे असेल तर आधी फिक्कीकडे चौकशी करावी.

हा एक जामीनच आहे. आपण फिक्कीकडे तारण ठेवतो, फिक्की परदेशी कस्टमला हमी देते. माल परत आला तर तारण सुटते.

पुस्तिकेवर चार शिक्के लागतात : भारतातून निघताना, परदेशात शिरताना, परदेशातून निघताना आणि भारतात परतताना. यातील तिसरा शिक्का घाईत राहून जाण्याची भीती सर्वांत जास्त. प्रदर्शन संपलेले असते, विमानाची वेळ झालेली असते, आणि माणूस कस्टमच्या खिडकीकडे न जाता सरळ विमानात बसतो. तिकडच्या दप्तरी मात्र माल अजून त्यांच्याच देशात असतो. पुस्तिकेची मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत तो देश कराची मागणी करू शकतो. मग पुरावा देण्यास सहा महिने मिळतात आणि त्या वेळी भारतात परतीचा शिक्का असेल तर माणूस सुटू शकतो.

कार्नेट केव्हा घेऊ नये

खाण्याचे पदार्थ, वाटून टाकायची पत्रके, वापरात संपणाऱ्या वस्तू आणि विक्रीसाठी नेलेला माल यांना कार्नेट चालत नाही. येथे आपल्या लोकांनी साधा हिशेब करावा.

समजा, अकोटच्या एका विणकराने २०,००० रुपयांच्या सतरंज्या शारजाहला नेल्या. आखाती देशांत बहुतेक मालावर ५ टक्के सीमाशुल्क आहे, म्हणजे १,००० रुपये. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. तो २१,००० वर १,०५० रुपये. एकूण २,०५० रुपये. भाडे व विमा धरून कस्टम किंमत थोडी वाढेल, पण अंदाज हाच. एवढ्या रकमेसाठी पुस्तिकेचे शुल्क आणि तारण यांत पैसा अडकवण्यात अर्थ नाही. कर भरावा, पावती घ्यावी आणि गिऱ्हाईक मिळाले की उघडपणे विकावे. लाखोंचे यंत्र किंवा कॅमेऱ्याचा संच असेल, तर मात्र कार्नेटच परवडते.

पाहुणा म्हणून नेलेला माल गुपचूप विकून ‘हरवला’ असे सांगणारे असतात. कायद्याने हा गुन्हा आहेच. शिवाय हमी देऊन ती मोडणे म्हणजे करार मोडणे, आणि करार पाळणे हा आपल्या दीनचा हुकूम आहे. एका व्यापाऱ्याने असे केले की पुढच्या दहांची पेटी उघडून तपासली जाते.

न विकलेला माल परत आला तर

रीतसर निर्यात केलेला माल विकला गेला नाही, तर तो परत आणताना भारतात पुन्हा पूर्ण आयात कर भरण्याची गरज नसते. ३० जून २०१७ च्या अधिसूचना क्रमांक ४५/२०१७ नुसार असा माल साधारण तीन वर्षांच्या आत परत आणता येतो. माल तोच आहे हे पटवावे लागते, आणि निर्यातीवर ड्रॉबॅक किंवा जीएसटी परतावा घेतला असेल तर तो परत करावा लागतो. म्हणून शिपिंग बिलात ‘सतरंज्या, ४० नग’ असे मोघम लिहू नये. माप, रंग, नक्षी, नगावरील क्रमांक लिहावा व फोटो जोडावा. व्यापारी निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये असून अर्ज ऑनलाईन करता येतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. परदेशातून कर भरून आणलेले यंत्र चुकीचे निघाले आणि न वापरता परत पाठवायचे असेल, तर सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ७४ नुसार भरलेल्या कराचा ९८ टक्के भाग परत मिळू शकतो. मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असून यंत्राची ओळख पटावी लागते.

दागिने आणि घरगुती सामान

उमराहला किंवा मुलाकडे आखातात जाणाऱ्या भगिनी अंगावर दागिने घेऊन जातात. परतताना विमानतळावर ‘हे सोने तिकडून आणले का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा ‘आमचेच आहे’ या उत्तराला पुरावा लागतो. त्यासाठी निघतानाच नागपूर किंवा मुंबई विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. सराफाची पावती, वजन व शुद्धतेचा दाखला आणि दागिन्यांचे फोटो बरोबर ठेवावेत. हे काम सामान विमान कंपनीकडे देण्याआधी करावे. त्यासाठी तासभर लवकर निघावे. किमती घड्याळ, कॅमेरा, लॅपटॉप यांनाही हाच मार्ग आहे.

आखातात राहणारा पाहुणा लग्नासाठी इकडे येतो आणि त्याच्याजवळ सवलतीपेक्षा जास्त माल निघतो, असेही होते. त्याने कलम ७७ प्रमाणे खरे निवेदन केले, तर कलम ८० नुसार तो माल कस्टमकडे ठेवून पावती घेता येते व भारतातून परत जाताना सोडवता येतो. निवेदन न करता हिरव्या मार्गाने निघालेल्यास ही सोय उरत नाही. तेथे जप्तीची वेळ येते. दुसऱ्याने ‘एवढे घेऊन जा’ म्हणून दिलेले सोने तर कधीच बरोबर घेऊ नये.

निघण्यापूर्वी एवढे पाहावे

१. माल विकायचा की परत आणायचा, हे आधी ठरवावे. दोन्ही असेल तर दोन याद्या कराव्यात.
२. यादीत प्रत्येक नगाची खूण, माप, वजन व खरी किंमत लिहावी. किंमत कमी दाखवू नये.
३. मुदतीची तारीख परतीच्या तिकिटावरच लिहून ठेवावी.
४. प्रत्येक सीमेवर शिक्का घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.
५. सर्व कागदांच्या दोन प्रती काढून एक घरी ठेवावी.
६. दर व सवलती बदलत असतात. जाण्यापूर्वी कस्टम कार्यालयात किंवा परवानाधारक कस्टम एजंटकडे खात्री करावी.

जाताना माणूस कागदाची काळजी घेतो, कारण पुढे अडवले जाण्याची भीती असते. परतताना ती भीती नसते आणि नुकसान तेथेच होते. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी परतीचा शिक्का हा सौद्याचाच भाग समजावा.